बाबांची गाडी आणि तुझा लॅपटॉप

थोरल्या,

दार बडवून माझे हात दुखले, तरी तू पांघरुणात तोंड खुपसून पडलास, म्हणून लिहितेय. मेकॅनिक येऊन गेला. पिस्टन वितळलेत, इंजिन गेलं म्हणाला.

तुझ्या बाबांनी ती गाडी पुसायचं फडकंसुद्धा कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. आणि तू, गाडी जोरात पळावी म्हणून, तोंडही न पाहिलेल्या माणसाला इंटरनेटवर, तुझ्या लॅपटॉपमधून इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलू दिलास. आता फोन उचलतो का तो दीडशहाणा?

बाबांना डायलिसिसला बसने नेतेय. वाटेत बस बदलावी लागते, त्या दुसऱ्या बसपर्यंत त्यांना चालवेल असं वाटत नाही. जेवण झाकून ठेवलंय.

मघाशी मी दाराबाहेरून ओरडले ते ऐकलं नसशील, तर वाच: "पोरा, ती गाडी तुझ्या बापाचे पाय होती. तेच तू मोडलेस."