शुक्रवारची बस

शुक्रवार, ३ ऑक्टोबर १९८६
बस बंद करणार म्हणे! चर्चच्या पत्रकात छापलंय. आठवड्यात ही एकच. ती गेली तर थर्झाला भेटायला जायचं कसं? बारा मैल! बायको तिकडे शहरातल्या वृद्धाश्रमात, मी इकडे. झोप नाही.

मंगळवार, ७
हॉलमध्ये गावाची सभा. चहा पातळ. पंच टॅपस्कॉट म्हणाले, "या शुक्रवारी जिल्ह्याचा माणूस बसमधली डोकी मोजणार. सगळ्यांनी बसनेच जायचं. गायीला टोपी घालून आणलीत तरी चालेल!" सगळे हसले. सगळ्यांनी हात वर केले. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, १०
काय करून बसलो मी! पाऊस. थांब्यावर एकटाच. शेजारच्या मार्जरीने गाडी थांबवली. "अहो एझ्रा, भिजताय काय असे? बसा." मागे गावातल्या दोघी बहिणी, लग आडनावाच्या, आधीच बसलेल्या, मांडीवर ओल्या छत्र्या. तिने दार उघडून धरलेलं — तोंडावर नाही कसं म्हणायचं? वाटलं, बाकीचे असतील की बसमध्ये. बहिणींनाही तेच वाटलं होतं.
शहरात आमच्या मागून बस आली. मोजणारा एकटाच उतरला. वही काखेत.

सोमवार, २७
पत्र आलं. बंद.

शुक्रवार, ३१
शेवटची बस. आज मात्र भरलेली! टॅपस्कॉटसुद्धा. "आठवण म्हणून आलो," म्हणे. निघताना थर्झाने माझी बाही धरली. "मलाही ने."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
गेलो नाही. मार्जरीला विचारू? पण मागायचं कसं? ती आपणहून म्हणाली असती तर गोष्ट वेगळी.

शुक्रवार, १४
आजही नाही. थर्झा खिडकीत बसून रडत असेल. कोट घातला, काढला.

शुक्रवार, २१
मार्जरीला कळलं. चिडली. "सांगायचं नाही का हो? मला काय स्वप्न पडतं?" नेलं तिने.
थर्झा जेवत होती — स्वतःच्या हाताने! गालांवर रंग आलाय. मला बघून गोड हसली. मग ताट सरकवलं, कोट मागायला लागली. घरी चल, घरी चल. निघालो तर केवढा आकांत!
नर्स दारापर्यंत आली. "वाईट वाटून घेऊ नका, आजोबा. मधले आठवडे शांत होत्या. तुम्ही येऊन गेलात की तीन-तीन दिवस जेवत नाहीत."

शुक्रवार, २८
मार्जरीने हॉर्न वाजवला. गुडघा दुखतोय, म्हणालो. आता दर शुक्रवारी काहीतरी दुखायला हवं.