लोरेंत्सला पुरल्याची शपथ

वाल्डोव, १२ सप्टेंबर १७५८

चि. डोरोथेयास मत्थियसदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझा निरोप लढाईच्या आधीच पोचला होता. पण नंतर दहा-बारा दिवस हातातलं फावडं सुटलं नाही, आणि सुटलं तेव्हा बोटं मिटत नव्हती. अक्षर लागेल तसं वाच. मी दोनच हिवाळे शाळेत गेलो, हे तू चारचौघांत सांगतेसच.

लढाई गावापासून दीड कोसावर झाली, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. धुरळा इतका, की आपल्याच पलटणी एकमेकींवर बंदुका झाडत होत्या म्हणे. दारू संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यांनी डोकी फोडली. मग आपल्या प्रशियाच्या छावणीत विजयाची प्रार्थना झाली आणि रशियनांच्याही. दोन्ही सैन्यं निघून गेली, मेलेले तेवढे आमच्यावर सोडून. मी पाद्रीबाबांना विचारलं, जिंकलं कोण? ते म्हणाले, मत्थियस, तू खणत राहा.

आपला लोरेंत्स मधल्या पलटणीत होता. मेलेल्यांचे कपडे कुणीतरी आधीच उतरवून नेले होते. उघड्या अंगावरून आपला कोण नि त्यांचा कोण कळेना, म्हणून सगळे एकाच खड्ड्यात घातले. मी प्रत्येकाचा चेहरा पाहिला. चेहरा उरला नव्हता तिथे डावा पाय पाहिला. पोराचं एक बोट लहानपणी कुऱ्हाडीने गेलंय. तो त्यांत नव्हता.

चार दिवसांनी पलटणीचा कारकून आला. जो मेलेल्यांत नाही आणि जखमींतही नाही, तो पळाला, असं त्यांचं सरळ गणित. पळालेल्याच्या नावाची पाटी फाशीच्या खांबाला ठोकतात आणि घरदार सरकारजमा करतात. सुनेला, लीझेला, सहावा महिना लागलाय. मी बायबलवर हात ठेवून सांगितलं, की मुलाला मी माझ्या हाताने पुरलं. बायबल पाद्रीबाबांनीच पुढे धरलं होतं. लीझेलाही खरं सांगितलेलं नाही. ती काळे कपडे घालून चुलीपाशी बसते.

मेला असेल तर कुठे पडलाय, जिवंत असेल तर कुठे फिरतोय, या विचाराने जीव थकला. तुमचं गाव सरहद्दीपलीकडे पोलंडात. काही कानावर आलं तर कळव. योनास गुरं घेऊन इकडे येतो, त्याच्याच हाती पत्र दे, आणि हे जाळ. तुझ्या यजमानांना नमस्कार. म्हाताऱ्या भावावरचा जीव कमी करू नकोस.

मत्थियस

२६ सप्टेंबर

ती. दादास डोरोथेयाचा सा. न. वि. वि.

तू पुरलेला मुलगा माझ्या स्वयंपाकघरात बसून तिसऱ्यांदा लापशी मागतो आहे. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

जंगलातून चालत नऊ दिवसांपूर्वी आला. उजव्या कानाने ऐकू येत नाही, बाकी धड आहे. धुरळ्यात पलटण शोधत निघाला तो भलत्याच बाजूने बाहेर पडला. समोर शेत होतं आणि माणूस कुणी नव्हतं. मग पाय थांबलेच नाहीत म्हणतो. तू त्याला पुरल्याचं मी सांगितलं तेव्हा आधी हसला, मग वाडगा बाजूला सारला.

आता त्याने ऐकलंय, की अकरा नोव्हेंबरच्या आत जो पलटणीत हजर होईल त्याला माफी आहे. लीझेला भेटून हजर व्हायचं म्हणतो. आमचे हे म्हणतात, जाऊ दे, तरणा माणूस बायकोविना किती दिवस राहील. मी म्हटलं, बापाला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बूट शिवून तयार बसलाय. काय ते लवकर लिही, आणि नेहमीसारखं आधी सगळ्या गावाची हालहवाल लिहीत बसू नकोस.

तुझी, तुझ्याहून चार हिवाळे जास्त शिकलेली,
डोरोथेया

वाल्डोव, ५ ऑक्टोबर

चि. डोरोथेयास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून गोठ्यात गेलो आणि गाईच्या पाठीवर डोकं ठेवून उभा राहिलो. मग पाद्रीबाबांकडे जाऊन म्हटलं, पुरताना माझी चूक झाली असेल तर? ते म्हणाले, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना कोण शिक्षा करतो, मी तसं लिहून देईन. म्हणजे माझ्या शपथेची अडचण नाही.

पण परतताना चौकात थांबलो. गावातून सात जण गेले होते, त्यांतले दोघे परतले. त्या दोघांना पुन्हा बोलावणं आलंय. भरतीवाले सोळा वर्षांची पोरं भिंतीला उभी करून त्यांची उंची मोजत होते. या लढाईने काहीच ठरलं नाही, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तीच पुन्हा लढणार. माफी मिळालेल्यांना पहिल्या रांगेत उभं करतात. मेलेल्याला मात्र कुणी बोलवत नाही.

त्याला सांग, मेलेलाच राहा. बापाला लाज नाही म्हणेल, तर म्हणू दे.

लीझेला काल सांगितलं. महिनाभर रडवलं म्हणून तिने मला डाव फेकून मारला, तो बरोबरच मारला. आता भांडी घासताना गुणगुणते. विधवा गुणगुणत नाहीत, म्हणून दटावलं. बाळंतपणाला आतेसासूकडे जातेय असं गावात सांगून ती सोमवारी योनासच्या गाडीतून निघेल. मला येता यायचं नाही. घर रिकामं दिसलं की लोक विचारू लागतील. दर रविवारी खड्ड्यावरही जावं लागतं. तिथे कुणाच्या तरी पोरासाठी उभा राहतो. ज्याचं असेल तो बाप लांब आहे.

मूल झालं की आडनाव तुमचंच लावा. मुलगा की मुलगी, आणि लीझे कशी आहे, एवढं मात्र त्याच दिवशी लिही. योनासची वाट पाहू नकोस, मिळेल त्याच्या हाती पाठव.

मत्थियस