पार्कचा फाटा

दि. ६ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी हो हो म्हणत मारून नेतो, हे तू बरोबर ओळखलंस. तेव्हा आपलं पत्रच बरं.

इकडची ताजी बातमी म्हणजे तुझा भाऊ एकाएकी उदार झालाय. परवा जेवताना म्हणाला, टिकलीच्या वाढदिवसाला सगळे त्या मोठ्या पार्कला जाऊ. ताई आणि टिकली तिकडून येतील, आपण इकडून गाडीनं जायचं. मी घास तोंडात तसाच धरून बसलो. नातीला मोठ्या पाळण्यात बसवीन असं किती दिवस कबूल करतोय, आणि कुणी मनावरच घेत नव्हतं.

पण जायचं कसं, यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, आगगाडीनं शेवटच्या स्टेशनापर्यंत जावं. स्टेशनाच्या मागच्या अंगाला पार्कची शटल उभी असते, ती थेट दारात सोडते. गाडी नेली तर पार्किंगच्या रांगेत ताटकळायचं, आणि ते मैदान इतकं लांब की तिथूनही शेवटी शटलच धरायची. मग आधीच का धरू नये? उभा जन्म बस चालवली, एकदा तरी खिडकीशी बसून दुसऱ्याच्या चालवण्याला नावं ठेवू दे की! पण छोटू हट्टाला पेटलाय. म्हणतो, तुमचे गुडघे बघा. सूनबाई ताटाकडेच बघत बसली होती. डॉक्टरांनी तिला आराम सांगितलाय, दमत असेल बिचारी.

शेवटी छोटू म्हणाला, ताई सांगेल ते मान्य. तेव्हा न्यायाधीश तू. निकाल माझ्या बाजूनं लागावा ही विनंती.

टिकलीला पापा. आहे ही माया अशीच राहू दे.

तुझे अप्पा

दि. ११ एप्रिल

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

निकाल तुमच्या विरुद्ध गेला आहे. रडू नका.

छोटूनं मलाही लिहिलं होतं. म्हणतो, स्टेशनातले जिने अप्पांना झेपायचे नाहीत, आणि हे काही मला पटण्यासारखं नाही असं नाही. मागच्या वेळी आमच्या तीन मजल्यांत तुम्ही प्रत्येक वळणावर खिडकीतून देखावा बघायला थांबत होतात. आमच्या जिन्यातून दिसतं काय, तर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी! तेव्हा गाडीनंच या. नावं छोटूच्या चालवण्याला ठेवा, त्याला सवय आहे.

रात्री पार्कजवळच मुक्काम करायचा त्याचा बेत आहे, म्हणून कपड्यांचे दोन-तीन जोड आणि औषधं सगळीच घ्या. लोकरी बंडीही घ्या. नेहमीसारखं एका पिशवीत भागवू नका. बाकी सगळं माझ्यावर सोडा.

टिकलीनं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझे आजोबा ड्रायव्हर आहेत, ते मला पाळण्यात घेऊन बसणार. आमच्या दातांच्या कवळ्यांच्या कारखान्यातून मी रजा काढली आहे. तिच्या बाबांची बोट अजून दोन महिने तरी येत नाही, त्यामुळे यंदाचा वाढदिवस म्हणजे तुम्हीच.

पार्कच्या दाराशी उभ्या असू. आमच्यावर जीव असू द्यावा.

आपली ताई

दि. २४ एप्रिल

छोटू,

नमस्कार-चमत्कार नंतर. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

त्या दिवशी आम्ही पार्क उघडायच्या आधीच दाराशी पोचलो. टिकली आधी येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होती. तिथला रखवालदार म्हणाला, खासगी गाड्या इथं येतच नाहीत, सगळी माणसं मैदानावरून शटलनं येतात. मग आम्ही शटलच्या थांब्यावर जाऊन बसलो. टिकलीनं बाकावर शेजारी तिचं दप्तर ठेवलं, आजोबांची जागा म्हणून. शटल यायची, माणसं उतरायची, आजोबा नाहीत. रिकामी शटल परत गेली की म्हणायची, पुढच्या बसमध्ये नक्की. तुला लावलेला फोन वाजून वाजून बंद होत होता. मला वाटलं, अपघात झाला. दुपारी तुझा निरोप आला, अप्पा ठीक आहेत, नंतर बोलू. एवढंच.

नंतर तू बोललाच नाहीस. काल मी घरी फोन केला तो सूनबाईनं उचलला. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, अप्पा पार्कला गेलेच नव्हते. त्यांना हमरस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात ठेवलंय, खोली महिनाभरापूर्वीच ठरली होती, आणि ताईंना सगळं माहीत आहे असं तू तिला सांगितलं होतंस.

मला माहीत होतं? छोटू, मी त्यांना बंडी भरायला सांगितली! तू मला लिहिलंस आणि मी जशीच्या तशी ती थाप त्यांच्या गळी उतरवली. त्यांचं तुझ्याशी पटत नव्हतं तर भांडायचं होतंस, मला बोलवायचं होतंस. माझ्या लेकीचा वाढदिवस का वापरलास?

उत्तर पाठव.

ताई

दि. ३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला राग येणं साहजिक आहे. पण माझंही जरा ऐक.

अप्पांनी दोनदा गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं. दुसऱ्यांदा सूनबाई आत झोपलेली होती. एकदा नळ सोडून फिरायला गेले, खालच्या बिऱ्हाडाचं छत गळायला लागलं. एकदा जुन्या बस डेपोत जाऊन बसले, ड्यूटी लावा म्हणून. तिथल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. हे तुला त्यांनी कधी लिहिलं नसणार. तू येतेस सुट्टीत, त्यांचे विनोद ऐकतेस आणि जातेस. मी ऑफिसात प्रत्येक फोनला दचकतो. आता घरात बाळ येईल.

मी आश्रमाचं नाव काढलं असतं तर ते गाडीत बसलेच नसते. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. म्हणून तुला लिहिलं. तुला खरं सांगितलं असतं तर तू त्यांना ते लिहिलं असतंस का?

जागा चांगली आहे. बाग आहे, डॉक्टर आहेत. मलाही हे सोपं गेलं नाही. वाटेत सगळा वेळ ते शीळ घालत होते.

राग धरू नये.

छोटू

दि. २ मे

चि. ताईस,
आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं इथं आली. फोडली नाहीत. आधी मला तुला एक विचारायचं आहे.

पार्कचा फाटा आला तेव्हा मी जागा होतो. पाळण्याचं चित्र असलेली मोठी पाटी आहे तिथं. मी छोटूला म्हटलं, वळ. तो म्हणाला, पुढून जवळचा रस्ता आहे. त्या रस्त्यानं मी बस नेलेली आहे, पुढून पार्कला काही जात नाही. पण वाटलं, चुकला असेल पोरगा, कशाला चूक काढून त्याचा दिवस नासवा. आपणहून कळेल, मग वळवेल.

आम्ही थांबलो तिथं एक बाई दारात उभी होती. तिनं माझं नाव घेऊन या या म्हटलं. खोलीत पलंगावर माझीच चादर घातलेली होती. घरी मी ती आठवडाभर शोधत होतो. छोटू म्हणाला, थोडे दिवस राहून बघा, आणि बॅग ठेवून निघाला. माझ्याकडे बघितलं नाही.

बॅग उघडली. कपडे, सगळी औषधं, बंडी. तू लिहिलं होतंस तसंच सगळं. तू म्हणालीस माझ्यावर सोडा, मी सोडलं.

तुला ठाऊक होतं का? एवढंच लिही.

अप्पा

दि. ५ मे

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

नव्हतं. टिकलीची शपथ, नव्हतं.

दाराशी उभी राहिले तेव्हा तुम्ही कुठे आहात हे मलाही माहीत नव्हतं. पण तुम्हाला गाडीत बसवलं ते माझ्या शब्दानं, हे खरं, आणि ते मला गिळता येत नाही.

शनिवारी येते. भेटायचं नसेल तर दार उघडू नका, मी बाहेर बसेन. माझ्याकडे यायचं असेल तर दोन खोल्या आहेत आणि तो जिना आहे. मी कामावर असताना शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी बघतील, मी विचारलंय. गॅसचं छोटूनं सांगितलं. त्याला कुलूप घालू. हे मी आधीच सांगतेय, कारण तुमच्यापासून काही लपवून तुम्हाला कुठे नेणार नाही.

ताई

दि. १९ मे

चि. छोटूस,

मी ताईकडे आहे. ती आली तेव्हा मी तिला बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं, त्याची आता लाज वाटते. मग दार उघडलं. तिनं बॅग भरायला हात लावला नाही, मीच भरली. आश्रमातल्या बाई भल्या आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही.

गॅसचं तू ताईला लिहिलंस ते खरं आहे. डेपोतलं मला आठवत नाही, पण तू सांगतोस म्हणजे झालं असेल. मी म्हातारा झालोय आणि घरात बाळ येतंय, हे मला कळत नव्हतं असं तुला वाटलं का? तू एका संध्याकाळी शेजारी बसून म्हणाला असतास, अप्पा, आता माझ्याच्यानं होत नाही, तर मी भांडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि मग निघालो असतो. तेवढे दोन दिवस तू मला द्यायला हवे होतेस.

पार्कला अजून गेलो नाही. टिकलीच नको म्हणते.

तिनं मला विचारलं, मामाची गाडी त्या दिवशी का आली नाही. मी सांगितलं, वाटेत बंद पडली. मामानं पुष्कळ खटपट केली, उन्हात ढकलली, पण चालू झाली नाही. तिला ते पटलं. कधी भेटलास तर तूही हेच सांग. तुझ्यासाठी मी एवढंच खोटं बोलणार, यापुढे नाही.

सूनबाईस आशीर्वाद. बाळ झालं की तिला कळवायला सांग.

अप्पा