जवळा की पालक

मीरा रोड

प्रिय अमृत,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे. तुझ्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का?

तू फोनवर म्हणालास, "गाऊट निघाल्यापासून डाळ, पालक बंद. जवळ्यावर भागवतोय, मासे हलके." तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. इथल्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या हसल्याच. "मावशी, उलटंच चाललंय की! सुका जवळा, तारली, कलेजी टाळायची. बिअर, कोल्ड्रिंकसुद्धा. डाळ-पालक खाऊ दे त्यांना."

पण चमचाभर जवळ्यात एवढी कळ मावते तरी कशी? त्यांनी चित्र काढून दाखवलं. असल्या खाण्याने रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात म्हणे.

तुझ्या भावोजींचं दुखणंही हेच. पालकाची भाजी ते मागत राहायचे, आणि मी सहा वर्षं जवळ्याची चटणी वाढली. ते हृदयाने गेले, पायाने नाही, हे मला कळतं. तरी रोज आठवतं.

आता चांदणीवर ओरडू नकोस. बायको बिचारी तुझ्या भल्यासाठीच जवळा भाजते. भावोजींनी मला कधी दोष दिला नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तरी दिला नसता.

उद्या पालक आण.

तुझी,
गिरिजाताई