कोंडाबाईचे डोळे राहिलेत

९ फेब्रुवारी, सोमवार
चांदे गावचा बाळासाहेब चपला घालून थेट आत आला. माणूस खाटेवर आडवा पडलाय, उजवा हात लाकूड झालाय, त्याला कसं हाय म्हणून इचारलं न्हाई. इचारलं काय, तर फोटो झाला का. वर ह्यांना म्हणतो, काय पेंटर, आता झोपूनच काम करणार का. आपणच हसला. चहा दिला न्हाई मी.
वर श्री घालायचं राहिलं. घालते. श्री.

१० फेब्रुवारी
बाळासाहेब लिहायला लांब पडतं. बा.सा. लिहीन.
फोटो म्हंजे हातानं काढलेला, ऑइल पेंटचा. त्याच्या आईचा, कोंडाबाईचा. २८ तारखेला वर्षश्राद्ध, तवा भिंतीला लावून हार घालायचाय. समदं झालंय, डोळे राहिलेत. ह्यांची रीतच तशी. डोळे शेवटी, आंघोळ करून, दार लावून. डोळे घालायच्याच दिवशी हे आंघोळीच्या बादलीपाशी पडले.
दवाखान्यात नऊ दिवस. हात गेला, बोलणं गेलं. एक शब्द राहिला, व्हय. जेवता का, व्हय. पोट भरलं का, व्हय.
सून रडली. सुमनचं डोळं तसंबी ओलंच असत्यात. मला काय आलं न्हाई. भात लावला.

१२ फेब्रुवारी
आज ह्यांचे ब्रश धुतले. सुकून काठ्या झालेत.
चाळीस वर्सं हेच. आधी दुकानांच्या पाट्या. मग एका इनामदारानं मेलेल्या बापाचा फोटो काढायला बोलावलं. त्याच्या घरी सिंहाच्या तोंडाच्या हातांची खुर्ची होती. ती खुर्ची ह्यांनी पुढं समद्यांना दिली. पाटील, चेअरमन, सरपंच. जे जन्मभर घोंगडीवर बसले तेबी मेल्यावर त्या खुर्चीत. वाकडी नाकं सरळ केली, मिशा दाट केल्या, कुणाच्या कमरेला तलवार दिली. घरचे बघून म्हणायचे, हुबेहूब.
फ्लेक्स आला आणि काम बसलं. मग जमिनी विकल्या, बंगले झाले, बंगल्यांना पूर्वज लागायला लागले. परत काम आलं.
तोंड ह्यांनी काढायचं, लुगड्याचे काठ आणि दागिने मी. नथीचा एकेक मोती माझा. खाली सही ह्यांची.
बायांचा फोटो कुणाच्याच घरात नसायचा. मग मला म्हणायचे, बस. मी बसायचे. आता मुळशीत सात-आठ घरांत मी हार घालून लटकलेय, दुसऱ्यांच्या आया म्हणून. एकीकडं हळदीकुंकवाला गेले, वर बघितलं तर मीच. तिळगूळ घेतला, आले.
कोंडाबाईबी मीच हाय. आधार कार्डावर तिचं तोंड कोळशागत आलंय. ह्यांनी दोनदा बघितलं आणि मला म्हणले, बस.

१५ फेब्रुवारी, रविवार
बा.सा. परत. म्हणतो, काकू, डोळे तुमीच घाला, सही पेंटरची चालंल. मोठे घाला, समोर बघणारे. आक्कासाहेब शोभल्या पायजेत.
मेल्यावर आई आक्कासाहेब झाली, जित्तेपणी नुसती कोंडाबाई होती. पौडच्या बाजारात करवंदं विकायची, ऊन वाढलं की माझ्याकडं पाणी प्यायला यायची. शेवटच्या दोन-तीन वर्सांत तिचा डावा डोळा मिटलेला असायचा. पापणी उचलायचीच न्हाई. इचारलं तर म्हणायची, मळणीत भाताचं टोकदार कूस डोळ्यात गेलं.
मी बा.सा.ला तेवढं बोलले. म्हणला, आक्कासाहेबांच्या डोळ्याला कायबी झालेलं नव्हतं. लई जोरात म्हणला.
आणि म्हणला, जमत नसंल तर पुण्यात कॉम्प्युटरवर करून घेतो, हे टाका माळ्यावर.
ह्यांचं शेवटचं काम हाय ते. हे ऐकत होते.

१७ फेब्रुवारी
जुन्या फळीवर डोळ्यांची सवय करून बघितली. चार जोड्या काढल्या. पहिल्या तीन मेलेल्या माशाच्या. चौथी जरा बरी, पण चोरट्या बाईची वाटतीय.
ह्यांना दाखवली. व्हय.

१९ फेब्रुवारी
बावधनवरून बा.सा.ची बहीण आली, शालन. भावाला न सांगता. कापड काढून फोटो बघितला. मग म्हणली, "मावशी, ही तर तुमी."
म्हणलं, व्हय, मीच.
वाटलं आता भांडंल. न्हाई भांडली. खाली बसली, पदरानं उगाच फरशी पुसली. मी आपलं तिला म्हणलं, डोळ्यात कूस गेलेलं ना तुज्या आईच्या.
"कूस न्हाई, मावशी. दादानं तांब्या फेकून मारला. जमिनीच्या कागदावर अंगठा देत नव्हती म्हणून."
म्हणलं, मग?
"मग काय. दुसऱ्या दिवशी दिला."
आज त्या जमिनीवर बंगला हाय आणि बंगल्यात ही भिंत.
जाताना बोलली, तोंड तुमचं, खुर्ची दुसऱ्याची, शालू कुणाचा का असंना. तेवढा डोळा माज्या आईचा ठेवा. मिटलेला घाला. मी भावापुढं बोलत न्हाई, माज्या पोरांची लग्नं व्हायचीत.
दोन भाकरी खाल्ल्या तिनं. मीबी खाल्ल्या.

२१ फेब्रुवारी
ह्यांच्या खाटेपुढं फोटो उभा केला. डावा मिटलेला घालू? व्हय. उघडा घालू? व्हय.
म्हणलं, जन्मभर मोठ्या लोकांना असंच व्हय-व्हय म्हणत आलात.
त्यालाबी व्हय.
मग डोळे मिटून घेतले. झोपले का आणखी काय, कळलं न्हाई. मी कांदा चिरला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
आंघोळ केली, दार लावलं. उजवा डोळा घातला. त्याच्यावर कुणाचं भांडण न्हाई. बरा आला. बुबुळात पांढरा ठिपका हे ठेवायचे तसाच ठेवला.
आता ती एका डोळ्यानं माज्याकडं बघतीय. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसतं कोरं कापड. माझंच तोंड हाय, पण आज पहिल्यांदा आपलं वाटंना.
सुमन म्हणती, आत्या, उघडा घाला आन मोकळं व्हा. मामंजींचं नाव राहील.
राहील. त्या तांब्यावर राहील.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
बा.सा.चा ड्रायव्हर फोटो न्यायला आला. रिकाम्या हातानं धाडला. म्हणलं, मालकाला उद्या स्वतः ये म्हणावं, एक डोळा राहिलाय, त्याच्यासमोर घालणार. शालनलाबी फोन केला. ती न्हाई न्हाई म्हणत होती. म्हणलं, तुला बोलायचं न्हाईच, नुसतं बसायचं.
रंग कालवून ठेवते. पापणीचाबी, बुबुळाचाबी. इचारणार, आईचा डावा डोळा कसा होता आणि कशानं तसा झाला. खोटं बोलला तरी त्याच्या सांगण्यापरमाणं घालीन, पण शालनच्या तोंडाकडं बघून बोलायचं.
सुमनला बजावलंय, उद्या मधी पडायचं न्हाई, चहाचं आधण ठेवायचं न्हाई. शालननं ओठ हलवायचा न्हाई. ह्यांची खाट आतल्या खोलीत सरकवायची, न्हाईतर हे मधीच व्हय म्हणतील. उत्तर बाळासाहेबानंच द्यायचं.