एकटीच्या घराचं वाढतं वीजबिल

मांडवी, रत्नागिरी
चैत्र संपता संपता

ती. खुर्शीदआपा,

(तू माझ्याहून जेमतेम आंब्याच्या एका हंगामाने मोठी, पण शाळेत तू ज्या थाटात ‘आपा म्हण’ असं दरडावलं होतंस, ते मोडायचं धाडस अजून होत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? पुण्याचं पाणी, लेकीचं घर, जावई, सगळं मानवतंय ना? इकडे मी खुशाल आहे. माझा फ्रीज तेवढा धापा टाकतो.

तुला आठवतं ना, रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की सिस्टर फिलोमिना आपल्याला ओळीने उभं करायच्या आणि वीज ही देवाची देणगी आहे, असं इंग्रजीतून बजावायच्या? (पंखा चालू ठेवणारी नेहमी तू, उभ्या राहणाऱ्या आम्ही सगळ्या.) ती शिकवण माझ्या अंगात इतकी मुरली, की हे गेल्यावर मी एका दिव्यावर घर चालवत होते. मीटर बघायला येणारा माणूस एकदा शेजारी विचारून गेला, इथे कोणी राहतं का म्हणून. आणि आता? माझं बिल हर्षदच्या फोनवर जातं, मुंबईहून तोच भरतो. ते महिन्यागणिक फुगायला लागलं तेव्हा माझ्या लेकाला वाटलं, कोणीतरी वीज चोरतंय, नाहीतर आईला विसर पडायला लागलाय. त्यात मंदीमुळे त्याच्या पगाराला कात्री. त्याचं शास्त्र असं, की मंदीत लोक हात आखडतात, म्हणून वीज कमी लागते. मग आपल्याच आईची का वाढावी? आणि एकट्या बाईला एवढं घर हवं कशाला? कुलूप लावू, तू मुंबईला चल. फोनवर मी हो-हो करत राहिले (तेवढ्यावर पोरं गप्प बसतात, असा माझा अनुभव), तर हा एका सकाळी खरंच आला. पितळेचं नवंकोरं कुलूप घेऊन.

आता त्याला न सांगितलेली गोष्ट तुला सांगते. मंदी इथेही आली, पण येताना माणसं घेऊन आली. कुवेतची कंपनी बंद पडली तसा शेजारचा युसुफ घरी परतला, आणि पलीकडच्या सगुणाचा नवरा मुंबईहून आला. दोन्ही घरांत काटकसर म्हणून आधी फ्रीज बंद झाले. मग युसुफची मासळी माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, सगुणाचं दूध-दही वरच्या कप्प्यात. (मधला कप्पा सरहद्द. तिथे माझी लिंबं पहाऱ्याला.) सगुणाचं वाटण माझ्या मिक्सरवर, युसुफच्या लेकीचा, आयातचा, कॉलेजचा अभ्यास माझ्या पंख्याखाली, आणि संध्याकाळी सगळेच माझ्या टीव्हीसमोर. हात आखडले होते खरे, पण आखडून आले ते माझ्याच घरात. मी नाही कशी म्हणू, आपा? कितीतरी वर्षांनी घरात चहाचे कप कमी पडत होते.

हर्षद आला तेव्हा मी देवळात गेले होते. त्याने फ्रीज उघडला, तर समोर हळद-मीठ लावलेली सुरमई. कोकणातला मुलगा मुंबईहून आला की आईच्या फ्रीजमधला मासा आपल्यासाठीच, याबद्दल त्याला शंका यावी तरी कशी? त्याने स्वतः तळली आणि सगळी खाल्ली. मी दारात पाऊल ठेवलं आणि मागोमाग युसुफ. केळशीचे पाहुणे दुपारी आयातला बघायला येणार होते, त्यांच्यासाठीची सुरमई न्यायला. युसुफने तव्याकडे पाहिलं, हर्षदच्या बोटांकडे पाहिलं आणि शांतपणे पायरीवर बसला.

“हर्षदभाऊ, पोटभर खाल्लंत ना? मग झालं. आता पाहुण्यांपुढे काय मांडायचं, तेवढं तुम्हीच सांगा.”

हर्षद तसाच माझ्या स्कूटरवर मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात पळाला आणि मागितल्या भावाने पापलेट घेऊन आला. (तिथल्या बायका अजून त्याची चौकशी करतात.) तोवर सगुणाचा मिक्सर, म्हणजे माझाच, अखंड चालू. पाहुणे माझ्या माजघरात बसवले, कारण पंखे इथेच. हर्षद वाढत होता, मध्येच पळत जाऊन पडवीतला पंखाही लावत होता. केळशीहून आलेली नवऱ्या मुलाची आई चौफेर बघून म्हणाली, “भाऊ, तुमच्या घरात माणसं बरीच हो.”

हर्षदने वर फिरणाऱ्या पंख्यांकडे पाहिलं. “हो. बिलावरूनच मला कळायला हवं होतं.”

सोयरीक जमली. हर्षद एकटाच परत गेला, कुलूप इथेच ठेवून. ते फ्रीजला लावावं असं ठरत होतं, पण किल्ली कोणाकडे राहावी यावर एकमत होईना.

तुझी,
हेमू

ता. क. लग्न आमच्याच अंगणात आहे. माझा फ्रीज पुरायचा नाही. मालगुंडच्या तुझ्या बंद घरात तो मोठा दोन दारांचा उगाच उभा आहे. युसुफ टेम्पो घेऊन जाईल. किल्ली पाठवतेस का?

ता. क. २ किल्ल्या टपालात हरवतात. तूच घेऊन ये, आणि परत जाऊ नकोस. जावयाच्या घरी पंखा दोनवर ठेवते, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस, तेव्हाच मी मागची खोली झाडायला घेतली.

ता. क. ३ हर्षदला फोनवर विचारलं. म्हणाला, “मावशींना खुशाल बोलाव. एका म्हाताऱ्या बाईला अशी किती वीज लागणार?” मी हो-हो केलं. मागच्या खोलीतला पंखा पाचवर नीट फिरतो, बघून ठेवलाय.