‘तीनची बोट’चा पुढचा भाग

४ मार्च

नाही म्हणजे नाही! ‘तीनची बोट’चा दुसरा भाग काढायचाय म्हणे. गा-रम नावाची दिग्दर्शिका सोलहून थेट मोक्पोला माझ्या दारात, संत्र्यांची पेटी घेऊन. पोर गोड आहे. पण बोलली काय? “बाई, लोकांना उत्तर हवंय. ती शेवटी बोटीवर चढली की नाही?”

हे मला सांगतेय! सार्वजनिक स्नानगृहात पाठ घासणारी बाईसुद्धा घासता घासता विचारते, “चढलात का हो?” शेवटच्या दृश्यात मी नवऱ्याचं घर सोडून धक्क्यावर उभी, बोचकं छातीशी, एक पाय बोटीच्या फळीवर — आणि पडदा पांढरा. चित्रपट संपला. मी तेव्हा आमच्या दिग्दर्शकांना विचारलं होतं, चढू का? “तू पाय उचल, बाकीचं मी बघतो.” बघितलं कुठे? गेले बिचारे, न सांगताच.

मी मात्र मजेत आहे. टॅक्सीवाल्यांना सांगते चढले, म्हाताऱ्यांना सांगते घरी परतले. दोन्ही शेवटांवर फुकट जेवले आहे.

५ मार्च

संहिता वाचली. मेली छान लिहिलीय! दोनदा रडले. पण त्यात ती चढतच नाही. नवऱ्याकडे परत जाते आणि त्याच गावात किनाऱ्यावर खायचं शेवाळ वाळवत म्हातारी होते.

मग पिल-सुनताईचं काय?

दुपारी तिच्याच शेवयांच्या दुकानात जेवले. तिसऱ्यांचा रस्सा, हाताने कापलेल्या शेवया. ताई समोर बसली होती, पण मी संहितेचं नाव न काढता शेवया ओढत राहिले. ताई बेटावरची. नवरा प्यायचा, मारायचा. बेटावरच्या शाळेत पडदा लावून आमचा चित्रपट दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी ही लेकीला पाठीशी बांधून बोटीत बसली ती इथेच उतरली. मग हे दुकान, लेकीचं शिक्षण, सगळं. भिंतीवर अजून आमचं पोस्टर आहे, वाफेने पिवळं पडलेलं. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगते, “हिच्यामुळे सुटले मी.”

आता पडद्यावरची ती परत गेली असं मी कुठल्या तोंडाने सांगू? ताईने ज्या बाईच्या भरवशावर घर सोडलं, तीच घरी!

९ मार्च

गा-रमचा फोन. मी म्हटलं, “अगं, नवं काहीतरी काढ ना. पोट भरून उठलेल्या माणसाला पुन्हा पानावर कशाला बसवतेस?”

“बाई, तुम्ही आहात म्हणून विचारायला आले. नंतर कुणीतरी न विचारता काढेलच.”

खरं बोलली कार्टी. वर म्हणते, “आणि तुम्हाला कॅमेऱ्यासमोर यावंसं वाटत नाही?”

वाटतं! का वाटणार नाही? हल्ली मला कामं येतात ती कुणाच्या तरी सासूची, दारात उभं राहून ओरडायची. पण ताईचा चेहरा समोर येतो. उद्या-परवा स्पष्ट नाही सांगून टाकते.

१४ मार्च

घोळ घातला!

नाही सांगायलाच गेले होते. नकार फोनवर देणं बरं दिसत नाही, आणि गा-रम म्हणाली, “आज मुहूर्ताची पूजा आहे, नुसतं तोंड दाखवून जा.” पूजेला रिकाम्या हाताने कोण जातं? आहेराचं पाकीट घेतलं. टेबलावर सगळं मांडलेलं — तांदळाच्या वड्या, सुके मासे, नासपती, आणि मधोमध उकडलेलं डुकराचं मुंडकं. काय हसरं होतं! इतकं हसरं मुंडकं म्हणजे चित्रपट चालणारच. मी त्याच्याकडेच बघत राहिले. कुणीतरी ओरडलं, “आधी मोठ्यांनी!” आणि हातांना जन्माची सवय — पाकीट डुकराच्या तोंडात, डोकं जमिनीला, मग माक्गल्लीचा, तांदळाच्या दारूचा, पेला.

टाळ्या वाजल्या तेव्हा भानावर आले. त्या मुंडक्यापुढे वाकलेलं माणूस चित्रपटाचं झालं. आता मागे फिरलं तर सगळ्या युनिटला अपशकुन. छायाचित्रकार माझे दोन्ही हात धरून म्हणाला, “बाई, आता आपण बुडत नाही!”

इतक्या आनंदाने मी कधी फसले नव्हते.

१५ मार्च

झोप मस्त लागली. लागायला नको होती.

१७ मार्च

गा-रमला जेवायला बोलावलं आणि शेवट बदल म्हणून मागे लागले. ताईची सगळी हकीकत सांगितली. तिने कोबीच्या किमचीची वाटी जवळ ओढली. मग म्हणाली, “बाई, मग हा चित्रपट एकट्या त्यांच्यासाठी होईल.”

“झाला तर बिघडलं कुठे?”

“बिघडलं नाही. पण मला ती परत गेलेली बाईच दिसते. माझी आजी परत गेली होती. तिच्यावर कुणी चित्रपट काढला?”

मी तिला आणखी भात वाढला.

“हवं तर पुन्हा पडदा पांढरा करू,” ती म्हणाली.

“मग दुसरा भाग कशाला काढायचा, गाढवे?”

दोघी ठसका लागेपर्यंत हसलो. किमची तिने एकटीने संपवली. आवडते मला ही पोर.

पण ताईला सांगावंच लागणार. पडद्यावर बघून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

१९ मार्च

दुकानापर्यंत जाऊन परत आले. उद्या नक्की.

२० मार्च

सांगितलं. ताई शेवया कापत होती, सुरी थांबलीसुद्धा नाही.

“नाहीच चढली ती,” ताई म्हणाली. “पाय फळीवर आणि डोळे मागे घराकडे. मला त्या शाळेत बसल्या बसल्याच कळलं, ही मेली परत जाणार. रात्रभर तुझा असा राग आला म्हणून सांगू! म्हणून तर मी चढले.”